सव्वीस जणांची यादी

प्राचार्यांनी फाईल पुढे सरकवली तेव्हाच इतिहासाच्या बाईंना कळायला हवं होतं की हे काम आपल्या गळ्यात मारलं जातंय. पण एकतीस वर्षं एकाच कॉलेजात काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कॉलेजचं काम म्हटलं की त्याच्या तोंडून नाही निघत नाही. बाईंनी फाईल उघडली.

आत एक फॉर्म होता. वर ठळक अक्षरांत 'पुढील दहा वर्षांचे प्राधान्यक्रम' आणि खाली बारा चौकटी. प्रत्येक प्राध्यापकाने त्यांना एक ते बारा आकडे द्यायचे. उद्योगांशी भागीदारी, संगणकीय कौशल्ये, परदेशी विद्यार्थी, क्रीडासंकुल, प्रसिद्धी, प्रवेशद्वाराचे नूतनीकरण. बाईंनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"सर, यात शिकवणं कुठंय?"

"म्हणजे?"

"शिकवणं हो. आपण वर्गात जाऊन करतो ते."

प्राचार्य हसले. ते मूळचे भौतिकशास्त्राचे. वीस वर्षं दोघं स्टाफरूममध्ये समोरासमोर बसून पेपर तपासत, त्यामुळे बाईंचा स्वभाव त्यांना पाठ होता. "ते गृहीतच आहे, बाई."

"मग प्रवेशद्वारही गृहीत धरा की. आहे ते. रोज त्यातूनच आत येतो आपण."

कॉलेज तसं लहान. मुलाला लवकर एकाच धंद्याला जुंपू नये, त्याला थोडं साहित्य, थोडा इतिहास, थोडं गणित, रसायन, तर्कशास्त्र, चित्रकला असं सगळं शिकवावं आणि मग त्याची वाट त्याने धरावी, अशा विचाराने साठ वर्षांपूर्वी काही भल्या माणसांनी ते काढलं होतं. आता मुलं दरवर्षी कमी येत होती. प्रवेशाच्या दिवशी पालक एकच विचारत, "हे शिकून पुढे काय?" आणि उत्तर द्यायची वेळ आली की प्रत्येक प्राध्यापक शेजारच्याकडे बघे.

"फॉर्म नको," बाई म्हणाल्या. "मी एकेकाशी बोलते. एकच प्रश्न विचारते. दहा वर्षांनी या कॉलेजात काय असलंच पाहिजे?"

"वीस तारखेला नियामक मंडळाची बैठक आहे. तीन आठवडे आहेत तुमच्याकडे."

"पुष्कळ झाले."

ऑफिसातल्या कारकुनाने सव्वीस नावांची यादी छापून दिली आणि बाई दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन निघाल्या.

पहिल्या आठवड्यातच त्यांच्या नाकी नऊ आले. रसायनशास्त्राच्या सरांनी त्यांना प्रयोगशाळेत नेऊन खिडकीवरचा मोठा पंखा दाखवला. धूर बाहेर ओढणारा तो पंखा पाच वर्षं बंद होता. "दहा वर्षांचं जाऊ दे बाई, हा पंखा फिरू दे. मी तीव्र आम्ल आलं की मुलांना व्हरांड्यात उभं करतो." साहित्य शिकवणाऱ्या दोघी सख्ख्या बहिणी नव्हत्या, पण बहिणींसारख्या एकत्रच येत-जात. त्यांना एका वर्गात वीसच मुलं हवी होती. मुलं कमी होताहेत हेच मुळी त्यांना मनातून बरं वाटत होतं, हे बाईंनी वहीत लिहिलं नाही. अर्थशास्त्राच्या सरांना सगळे 'टक्केवारी' म्हणत, कारण ते घरचा पत्तासुद्धा टक्क्यांत सांगतील असा माणूस. त्यांनी कागद काढून कोणत्या विषयाला किती टक्के मुलं येतात ते दाखवलं.

"सात टक्के. तर्कशास्त्र. नऊ टक्के, चित्रकला. तुमचं अठरा, बाई, तुम्ही वाचलात."

"मी काय परीक्षेला बसले होते का?"

"सगळेच बसलेत. काहींना माहीत नाही, एवढंच."

चित्रकलेचे सर म्हणाले, क्रीडासंकुल झालं तर मी राजीनामा देईन. क्रीडाशिक्षक म्हणाले, झालं नाही तर मी देईन. गणिताचे सर अर्धा तास बोलले आणि शेवटी म्हणाले, हे काही लिहू नका. दर माणूस आपलं घोडं पुढे दामटत होता, आणि आपलं घोडं पुढे जायचं तर दुसऱ्याचं कोणतं बसवायचं तेही न विचारता सांगत होता. एका दुपारी स्टाफरूममध्ये दोघांची चांगलीच जुंपली. विषय काय, तर ग्रंथालयाचा वरचा मजला कुणाला द्यायचा. बाई मध्ये पडल्या तेव्हा दोघांनी मिळून त्यांनाच धारेवर धरलं. "तुम्ही हा प्रश्न काढलात म्हणून!"

घरी आल्या की त्या पर्स टेबलावर आपटत. घरात दोघीच. बाई आणि त्यांच्या वन्सं. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांची थोरली बहीण, हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, भावाच्या आजारपणात पंधरा दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई. डाव्या कानाने मात्र नको तेही ऐकू येई.

"काय म्हणतात तुझे विद्वान?" वन्सं विचारायच्या.

"भांडतात."

"वॉर्डात असंच असतं. ज्याला त्याला आपलीच खाट खिडकीशी हवी. डॉक्टर काय म्हणतो ते बघ."

"डॉक्टर म्हणतो, प्रवेशद्वार रंगवू या."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पंचवीस झाले होते. सव्विसाव्या त्या स्वतःच. बाई जिन्याने उतरत होत्या. मधल्या वळणावर तर्कशास्त्र शिकवणारी मुलगी पायरीवर बसली होती. मुलगी म्हणजे तशी पस्तिशीची, पण बाईंना ती मुलगीच. तिच्या खालच्या पायरीवर दोन विद्यार्थी बसलेले आणि ती वहीत काहीतरी आखून दाखवत होती. बाईंना जागा द्यायला तिघं उठले.

"अगं, तुझं राहिलंच की," बाई म्हणाल्या. "उद्या दहाला ये. मतं घेतेय मी सगळ्यांची."

"माझं नाव नसेल त्यात, बाई."

"असं कसं नसेल?"

बाईंनी तिथंच यादी काढली. नव्हतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं की संगणकशास्त्राचा तो उंच पोरगाही नाही, अनुवाद शिकवणाऱ्या बाई नाहीत, भूगोलाचे दोघं नाहीत. दोन आठवडे वही घेऊन हिंडताना ही माणसं रोज समोरून गेली होती, त्यांना बाईंनी मान हलवून नमस्कारही केला होता, आणि ती यादीत नाहीत हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. त्या तशाच ऑफिसात गेल्या.

"हंगामी लोक यादीत नसतात, बाई," कारकून म्हणाला. "त्यांची फाईल वेगळी."

"दाखवा."

त्याने कपाटातून फाईल काढली. वर लिहिलं होतं, 'बाहेरची कामे'. पहिल्या पानावर लिफ्टच्या देखभालीची नोंद होती, दुसऱ्यावर बागेची, आणि तिसऱ्यापासून सतरा प्राध्यापक.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्टाफरूममध्ये भांडणाऱ्या लोकांवर नाही, कारकुनावर नाही, खरं तर स्वतःवरच. पण स्वतःवरचा राग काढायला जागा नसते, म्हणून त्या कारकुनावरच ओरडल्या, आणि मग त्याची माफी मागून सतरा नावं वहीत उतरवून घेतली.

हंगामी लोकांना भेटणं सोपं नव्हतं. त्यांना बसायला खोली नाही. एक जण दुसऱ्या कॉलेजातून धावत येई, तास घेई आणि तिसरीकडे धावे. बाईंनी त्यांना बसथांब्यावर गाठलं, कॅन्टीनच्या रांगेत गाठलं. त्यातल्या सहा जणांनी काहीही सांगायचं नाकारलं. बाकीच्यांनी हवामानाबद्दल बोलावं तसं जपून काहीतरी सांगितलं. तर्कशास्त्राची मुलगी मात्र बोलली. बाईंच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसली आणि आधी म्हणाली, "नाव नको, बाई."

"नाही घालत. वचन."

"दहा वर्षांनी कॉलेजात काय असावं, असं विचारताय ना? मला पुढच्या सत्रात मी इथं असेन का, तेही माहीत नाही. पाच वर्षं झाली. दर वेळी सत्र सुरू व्हायच्या चार दिवस आधी फोन येतो. मुलं मला खोलीत भेटू शकत नाहीत, कारण खोली नाही. मी जिन्यात बसून अनुमान शिकवते. गेल्या महिन्यात माझ्या एका हुशार मुलीने पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्र मागितलं. कॉलेजच्या कागदावर लिहायला मला परवानगी नाही. साध्या कागदावर दिलं. तिथल्या लोकांनी तिला विचारलं, या बाई कोण?" ती पिशवीचा पट्टा सरळ करू लागली. "मला त्याचं वाईट नाही वाटलं. त्या मुलीला उत्तर देता येईना, याचं वाटलं."

बाईंनी शब्दन् शब्द लिहून घेतला. लिहिता लिहिताच त्यांना कळलं होतं की सगळ्या वहीत याच्या तोडीचं काही नाही.

अहवाल अठरा पानांचा झाला. रविवारी दुपारी बाईंनी तो वन्संच्या डाव्या कानाशी बसून मोठ्याने वाचला. पंख्याचं, वीस मुलांचं, वरच्या मजल्याचं ऐकून वन्संनी जांभया दिल्या. जिन्याचं ऐकताना मात्र त्या ताठ बसल्या.

"ही तर्कशास्त्राची ना? परवा सांगत होतीस ती?"

"कशावरून? नाव कुठंय?"

"अनुमान कोण शिकवतं मग? स्वयंपाकीण?"

"वन्सं, मंडळातल्या लोकांना अनुमान म्हणजे काय तेही ठाऊक नसेल."

"नसेल तर विचारतील," वन्सं म्हणाल्या. "ते वाक्य काढ."

बाईंनी पेन्सिल हातात घेतली. वाक्याखाली एक रेघ ओढली. पण खोडलं नाही. ते वाक्य काढलं तर अहवालात राहतं काय? पंखा आणि मजला. एकतीस वर्षं इतिहास शिकवताना त्या मुलांना सांगत आल्या होत्या की सामान्य माणसाच्या तोंडचा एक खरा शब्द शंभर फर्मानांपेक्षा जास्त सांगून जातो. आता तसा शब्द हाती आलेला आणि तो आपणच पुसायचा? त्यांनी पान उलटलं.

वीस तारखेला सकाळी अकराला सभागृहात बैठक भरली. लांब टेबलापाशी मंडळाचे नऊ जण, मधोमध अध्यक्षीणबाई, आणि समोरच्या खुर्च्यांवर यादीतले सव्वीस. प्राचार्यांनी पडदा उजळला. पहिलंच चित्र होतं चार खांबांचं. प्रत्येक खांबावर एकेक प्राधान्य. कौशल्ये, भागीदारी, संगणकीकरण, नवे रूप. चौथ्या खांबाच्या पायथ्याशी नवं प्रवेशद्वार काढलेलं होतं, झाडांसकट.

बाई बघत राहिल्या. चित्र सुबक होतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ते तयार झाल्याची तारीख होती. बाईंच्या हाती फाईल आली त्याच्या आदल्या आठवड्यातली.

"या आराखड्याला प्राध्यापकांची मतंही जोडली आहेत," प्राचार्य म्हणाले. "परिशिष्ट तीनमध्ये. बाईंनी फार मेहनत घेतली."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्या दोन-चार टाळ्यांनी बाईंचा तोल गेला. त्या उभ्या राहिल्या.

"मला त्यातलं एक वाचायचंय."

"बाई, वेळ..."

"दोन मिनिटं."

त्यांनी वाचलं. एकही शब्द गाळला नाही. जिना, खोली, चार दिवस आधीचा फोन, साधा कागद, या बाई कोण. रसायनशास्त्राच्या सरांनी चष्मा काढून पुसला. बाईंना क्षणभर वाटलं, जिंकलो.

अध्यक्षीणबाई पुढे झुकल्या. त्या वाईट बाई नव्हत्या; त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच कळवळा होता. "हे ऐकून वाईट वाटलं. जिन्यात बसून... काय शिकवतात म्हणालात?"

"अनुमान," टेबलाच्या टोकाकडून एक सदस्य म्हणाले. "तर्कशास्त्र असणार. आपल्याकडे अजून तर्कशास्त्र आहे?"

"आहे," प्राचार्य हळूच म्हणाले.

"मुलं किती?"

सवयीने, अगदी वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलासारखं, टक्केवारींच्या तोंडून निघून गेलं, "सात टक्के."

"सात," सदस्यांनी लिहून घेतलं. "बघा, माणसाला अशा अवस्थेत ठेवणं बरं नाही. एक तर नीट ठेवावं, नाही तर मोकळं करावं. संगणकीय कौशल्यांत 'विचार कसा करावा' असा एक छोटा अभ्यासक्रम घालता येईल. मुलं पडद्यावर शिकतील. जिन्यात बसायला नको."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत झालं सगळं. बाई उभ्याच होत्या. बसायचं असतं हेही त्यांना सुचलं नाही. शेजारच्या बाईंनी पदर ओढून त्यांना खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी त्यांच्या टेबलापाशी आली. बसली नाही. तिच्या खांद्यावर नेहमीची फुगलेली पिशवी होती.

"पुढच्या सत्रात विषय नाही, असं ऑफिसातून कळलं," ती म्हणाली. "या वेळी फोन लवकर आला."

"अगं, मी नाव घेतलं नव्हतं..."

"हो. नाव नव्हतं घेतलं." ती एवढंच बोलून तासाला निघून गेली. सत्र संपायला अजून पाच आठवडे होते आणि तिने एकही तास बुडवला नाही.

बाई थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या. दार ठोठावलं नाही.

"हे काय चाललंय, सर? निर्णय आधीच झाला होता तर मला गावभर हिंडवलंत कशाला? तारीख पाहिली मी त्या चित्रावरची."

"मंडळाला प्राध्यापकांचा सहभाग दाखवायचा होता," प्राचार्य म्हणाले. "ते माझं चुकलं. मान्य. पण तर्कशास्त्र बंद करायचं कुणाच्याही मनात नव्हतं, बाई. कुणाला ते आहे हेच ठाऊक नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे पाच वर्षं मी त्या पोरीला झाकून ठेवलं होतं. तिचा विषय इतर विषयांच्या पोटात घालायचो. मंडळापुढे गेलेल्या एकाही कागदावर तर्कशास्त्र असा शब्द नव्हता. फोन चार दिवस आधी जायचा, कारण तोवर मंडळाची बैठक उरकलेली असायची. मग कुणी विचारायला राहायचं नाही." त्यांचा आवाज चढला, जो सहसा चढत नसे. "परिशिष्ट कुणी उघडत नाही. तुम्ही ते भर सभेत वाचून तिच्यावरचं पांघरूण ओढलंत."

"मग मला सांगायचं होतं."

"तुम्हाला? तुम्ही गप्प बसला असता?"

बाई तिथून निघाल्या त्या स्टाफरूममध्ये गेल्या नाहीत. मागच्या मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. प्राचार्यांचा राग येत होता, कारण माणसाला पाच वर्षं अंधारात ठेवून त्याला उपकार म्हणणारा तो माणूस. आणि त्यांचं ऐकून शरमही वाटत होती, कारण त्या मुलीचं पोट त्या अंधारावर चाललं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी कमी होत नव्हती.

घरी वन्संनी "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करणारेस?"

"पत्र लिहिते. सगळ्यांच्या सह्या घेते. तर्कशास्त्र ठेवा, आणि हंगामी लोकांना प्राध्यापकांच्या सभेत बोलवा. दोनच मागण्या."

"सह्या देतील?"

"न देऊन तोंड कुठे दाखवतील?"

पण न देणारे बरेच निघाले. साहित्याच्या एकीने सही केली, दुसरीने नाही, आणि त्या दिवसापासून दोघी वेगवेगळ्या वेळी घरी जाऊ लागल्या. गणिताचे सर म्हणाले, सहानुभूती आहे, पण सही ही वेगळी गोष्ट आहे. चित्रकलेच्या सरांनी दाराआडूनच सांगितलं, "बाई, मी नऊ टक्के आहे. माझ्याकडे बोट जाईल." बाई त्यांना रागावून बोलायला गेल्या आणि थांबल्या. बोट कसं जातं ते त्यांनी नुकतंच पाहिलं होतं.

टक्केवारी मात्र आपणहून आले. मान खाली घालून टेबलापाशी उभे राहिले. "मी आकडा तपासला," ते म्हणाले. "सात हे फक्त पहिल्या वर्षाचे. तिन्ही वर्षं धरली तर अकरा होतात. मी चुकीचं सांगितलं."

"आणि अकरा सांगितले असते तर?"

त्यांनी विचार केला. "बंदच केलं असतं," ते म्हणाले आणि सही केली. खाली कंसात अकरा टक्के असंही लिहिलं.

सव्वीसपैकी चौदा सह्या झाल्या. पत्र मंडळाकडे गेलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, अर्ध्या पानाचं. तर्कशास्त्राबाबत निर्णय झालेला असल्याने फेरविचार शक्य नाही. दुसरी मागणी मान्य. पुढच्या सत्रापासून हंगामी प्राध्यापकांनाही सभेला बोलवावं, बोलू द्यावं. त्यात मंडळाचं काही जात नव्हतं. चार ठिकाणी बाईंच्या मेहनतीचं कौतुक होतं. बाईंनी ते पत्र स्टाफरूमच्या फळ्यावर लावलं आणि टाचणी इतक्या जोरात दाबली की वाकली.

सत्राच्या शेवटच्या दिवशी बाई ग्रंथालयात गेल्या तेव्हा मुलगी पुस्तकं परत करत होती. दोघी खिडकीपाशी उभ्या राहिल्या.

"शाळेत लागले मी," मुलगी म्हणाली. "कायम नोकरी आहे. आठवीला गणित."

"गणित? तुझा विषय..."

"आठवीचं येतं मला, बाई."

"माझं चुकलं गं," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी पाच आठवडे मनात घोळवलं होतं, पुढे बरंच काही जोडून. आता पुढचं काहीच आठवेना.

"तुम्ही वाईट मनाने नाही केलंत, ते कळतं मला," मुलगी म्हणाली. "पण मी नाव नको म्हणाले होते, आणि तुम्हाला वाटलं नाव म्हणजे नुसती अक्षरं. माझं बोलणं तसंच्या तसं छापलंत. मला एकदा वाचून दाखवायला काय झालं होतं?"

"वन्संना वाचून दाखवलं," बाईंच्या तोंडून निघालं, आणि ते किती वेडगळ आहे हे त्यांना बोलता बोलताच कळलं.

मुलगी हसली नाही. "मला राग आहे, बाई. जाईल तो. आत्ता आहे." तिने पिशवी खांद्यावर घेतली, वाकून नमस्कार केला नाही, पण जाताना बाईंच्या दंडाला हात लावून गेली.

नवं सत्र सुरू झालं. प्रवेशद्वाराचं काम चालू असल्याने सगळे मागच्या दाराने येत-जात होते. पहिल्या गुरुवारी चार वाजता प्राध्यापकांची सभा भरली. हंगामी लोक पहिल्यांदाच आले होते, सोळा जण. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या वर्गातून बाकं ओढून आणली. बाईंनी सभेचं काम हाती घेतलं. 'विचार कसा करावा' हा पडद्यावरचा अभ्यासक्रम नाकारावा आणि तर्कशास्त्र परत मागावं, असा ठराव त्यांनी लिहून आणला होता. आता हे सोळा आपल्या बाजूला असणार, असा त्यांचा हिशेब.

संगणकशास्त्राचा उंच पोरगा पहिला उठला. "बाई, माफ करा. पण ते तास मला मिळालेत. तो अभ्यासक्रम गेला तर मीही जातो."

"पण तुला पटतं का ते? पडद्यावर विचार शिकवणं?"

"नाही पटत," तो म्हणाला. "पण मला दोन मुलं आहेत."

त्याचं बरोबर होतं, हेच बाईंना जास्त लागलं. मग भूगोलाचे दोघं बोलले आणि एकमेकांच्या विरुद्ध बोलले. अनुवादाच्या बाई म्हणाल्या, ठराव नंतर, आधी बसायला खोली द्या. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, खोलीचं निघालंच आहे तर पंख्याचंही घ्या. चित्रकलेचे सर प्रथमच मोठ्याने बोलले आणि बोलायचे थांबेनात. टक्केवारींनी कुणीही न विचारता आकडे सांगितले. प्राचार्य टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून बसले होते. बाई एकेकाला हात करून बोलू देत होत्या, दुसऱ्याला बसवत होत्या, आणि वहीत लिहीत होत्या. लिहून झालं की प्रत्येकाला वाचून दाखवत होत्या. निम्मे म्हणत, असं नव्हे, आणि बदलून घेत.

सव्वासहाला ठराव मताला टाकला. अठरा बाजूने, अठरा विरुद्ध, बाकीचे तटस्थ. पुढच्या गुरुवारी पुन्हा सभा ठरली.

बाई घरी आल्या तेव्हा घसा बसला होता आणि डोकं ठणकत होतं. वन्संनी दार उघडलं.

"काय ठरलं?"

"काही नाही."

"काय?" वन्संनी डावा कान पुढे केला.

"काही नाही ठरलं, वन्सं!" बाई ओरडल्या. "अडीच तास बसलो आणि काही म्हणजे काही ठरलं नाही. अठरा-अठरा. बेचाळीस माणसं आणि बेचाळीस तोंडं. एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. मी काय करू त्यांचं?"

वन्सं आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. बाईंनी उभ्यानेच पाणी प्यायलं, चप्पल काढली, वही उघडून टेबलावर ठेवली, आणि पुढच्या गुरुवारी आधी कोणाला बोलू द्यायचं त्याची नावं लिहायला बसल्या.